पुराचं मनाला लागलं?

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. गणपतीत गावी जाऊन आलो आणि आता राहवेना.

आमचं गाव पोलादपूर तालुक्यात, आत्या महाडला दिलेली. २२ जुलै २०२१ला सावित्रीचं पाणी महाडात शिरलं तेव्हा तिच्या घरात छातीभर पाणी होतं. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही. अशा वेळी एक बाई गप्प गप्प झाली तर नवल कोणाला वाटणार? सगळे म्हणाले, "पुराचं मनाला लागलं." मीही म्हणालो.

शेजारीपाजारी हळूहळू सावरले. आत्या मात्र खचतच गेली. सकाळी उठवत नसे, देवपूजा सुटली, फोनवर "बरी आहे रे बाळा" यापलीकडे शब्द नाही. बोटं सुजलेली असत, उठल्यावर तासभर मूठ वळत नसे, हे सगळ्यांना दिसत होतं. पण त्यावर मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी होती ना! मनासाठी आमचे उपदेश होते. दीड वर्षानं हातात बांगडी चढेना तेव्हा तपासण्या झाल्या आणि आमवाताचं निदान झालं. डॉक्टर म्हणाले, "सांधे आणि मन, हे दोन वेगळे आजार आहेत असं धरून चालू नका."

मी काही डॉक्टर नाही. पण त्या वाक्याचा पिच्छा पुरवताना जे वाचलं ते सांगतो.

ताप आला की आपल्याला जेवण नको, बोलणं नको, नुसतं पडून राहावंसं वाटतं. हे मेंदूच करवतो. जंतूंशी लढणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात आणि त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो, की आता शक्ती वाचव. चार दिवसांनी लढाई संपते, माणूस उठतो. आमवातात शरीर स्वतःच्याच सांध्यांशी लढतं, त्यामुळे हा दाह महिनोन्महिने धुमसत राहतो आणि निरोपही थांबत नाही. अन्नातून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅनपासून मेंदू सेरोटोनिन बनवतो. दाह असला की यातलं बरंचसं ट्रिप्टोफॅन दुसऱ्याच वाटेनं वळवलं जातं आणि त्या वाटेवर मेंदूच्या पेशींना त्रासदायक अशी काही द्रव्यं तयार होतात. काहीतरी करावंसं वाटायला लावणारं डोपामिनही मंदावतं.

याचा पुरावा औषधातूनच मिळाला. इंटरफेरॉन-अल्फा हे औषध दाह वाढवतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ते घेणाऱ्या ४० कर्करुग्णांपैकी निम्म्यांना आधीपासून नैराश्यावरची गोळी दिली, निम्म्यांना नुसती दिखाऊ. दिखाऊ गोळीवाल्यांपैकी ४५ टक्क्यांना नैराश्य आलं, खऱ्या गोळीवाल्यांपैकी ११ टक्क्यांना.

मग सगळं नैराश्य म्हणजे दाहच का? अजिबात नाही. नैराश्य असलेल्यांपैकी साधारण चौथ्या हिस्स्यातच रक्तातला सीआरपी, म्हणजे दाहाची खूण, स्पष्ट वाढलेला आढळतो. २०१३ साली अमेरिकेत औषधांना दाद न देणाऱ्या ६० नैराश्यरुग्णांवर दाह कमी करणारं इन्फ्लिक्सिमॅब वापरून पाहिलं. एकूणात फायदा दिसला नाही. ज्यांचा सीआरपी मुळात जास्त होता त्यांनाच उपयोग झाल्यासारखं दिसलं. तेव्हा मन उदास आहे म्हणून कोणी दुखण्याच्या गोळ्या खात सुटू नये. आणि पूर खोटा नव्हता. दुःख, धसका, रात्र रात्र जागरण यांनीही शरीरातला दाह वाढतो. वाट दोन्ही बाजूंनी चालू असते.

माझं म्हणणं एवढंच, की "मनाला लागलं" म्हटलं की आपण शोधायचं थांबतो. महाडकरांना तर हे नवं वाटू नये. इथेच डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांना रात्रंदिवस उशाशी बसून पाहिलं. सगळ्यांचं लक्ष डंखाच्या वेदनेकडे असायचं, पण माणूस दगावत होता हृदयावरच्या परिणामानं. ते ओळखून त्यांनी प्राझोसिन वापरलं आणि अनेक जीव वाचले. दिसतं त्याच्या पलीकडे पाहण्याचा धडा आपल्याच गावात मिळालेला आहे.

म्हणून सांध्यांच्या डॉक्टरांनी "मन कसं आहे?" हे विचारायला हवं, आणि मनाच्या डॉक्टरांनी "सकाळी बोटं आखडतात का?" हे. ते नाही विचारलं तर आपण घरच्यांनी सांगावं.

आत्याला आता दोन्हींची औषधं चालू आहेत. यातल्या कशाचा गुण किती, मला सांगता येणार नाही. यंदा तिनं पाच मोदक स्वतःच्या हातानं वळले, कळ्या जरा वाकड्या आल्या, आणि माझ्या मोदकाला नावंही ठेवली! बाकीचे वहिनीनं केले.

दीड वर्ष आम्ही तिला "मन खंबीर कर" सांगत होतो. "सांधे खंबीर कर" असं कोणाला सांगितलं असतं का? याची मला अजून लाज वाटते.

असो. घरची मंडळी हे वाचतील त्यांना एक विनंती. आत्याला फोन जरूर करा, पण "मन रमव" म्हणू नका. गोळी घेतलीस का, आज मूठ वळली का, हे विचारा.