हृदयविकार आणि सुटलेली पेठ

कोल्हापूरच्या पेठेतला तरुण शिकून इंग्लंड-अमेरिकेस गेला, की घरच्यांना काळजी लागते ती त्याच्या जेवणाची. पुढे चाळिशीत छातीत कळ आली म्हणजे तेथील डॉक्टरही तेच विचारतात : तूप किती, मीठ किती, चालणे किती? प्रश्न रास्त आहेत. दक्षिण आशियाई स्थलांतरितांत मधुमेहाचे आणि हृदयविकाराचे प्रमाण अधिक असते, हे इंग्लंडमधील पाहण्यांनी १९८०च्या दशकापासून दाखविले आहे. पण दाराशी येऊन चौकशी करणारे कोणी आहे काय, हा प्रश्न त्या यादीत क्वचितच असतो.

मायकेल मार्मट आणि लिओनार्ड साइम यांनी कॅलिफोर्नियातील ३,८०९ जपानी वंशाच्या पुरुषांचा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध केला. आपल्या समाजाशी व रीतिरिवाजांशी घट्ट नाते राखणाऱ्यांत हृदयविकार जपानइतकाच कमी होता. पुरते अमेरिकी वळण घेतलेल्यांत तो तिपटीपासून पाचपटीपर्यंत होता. आहार, धूम्रपान, रक्तदाब यांचा हिशेब करूनही हा फरक उरलाच.

कोल्हापूरकरास याचे नवल वाटू नये. गंगावेशीत धारोष्ण दूध पिणारा गडी तालमीत घाम गाळीत असे, आणि चार दिवस दिसला नाही तर कोणीतरी त्याच्या घरी जात असे. परदेशी दूध मिळाले; घाम आणि विचारपूस मागे राहिली. (तालीम पुरुषांची होती, हेही विसरता येत नाही. घरातल्या बाईचा आधार पाणवठ्यावर आणि शेजारणींत होता.)

यावर महाराष्ट्र मंडळांकडे बोट दाखविले जाते. लंडनचे मंडळ १९३२ पासूनचे आहे, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. त्यांचे मोल मोठे आहे. तथापि, ज्याला शनिवार-रविवारी सुटी नाही त्याला गणेशोत्सवही नाही. टॅक्सी चालविणारा, दुकानात रात्रपाळी करणारा मंडळापर्यंत पोहोचत नाही. संशोधनापर्यंतही तो फारसा पोहोचत नाही. सॅन फ्रान्सिस्को परिसर व शिकागो येथे २०१० पासून चाललेल्या ‘मसाला’ या अभ्यासात आरंभी ९०६ जण घेतले गेले. पुढे त्यांच्या सामाजिक संबंधांचीही विचारणा झाली, ही स्वागतार्ह गोष्ट. पण त्यांतील बहुतेक पदवीधर होते.

नातेसंबंध हा नशिबाचा वा स्वभावाचा भाग मानला, म्हणजे एकाकी माणसालाच दोष देणे सोपे जाते. वस्तुतः नाती कामाचे तास ठरवितात, वेतन ठरविते आणि परवाना ठरवितो. अमेरिकेत एच-४ परवान्यावरील पत्नीस २०१५ पर्यंत नोकरी करण्याची मुभाच नव्हती, नंतरही ती काहींनाच मिळाली. दिवसभर बंद घरात बसलेल्या त्या स्त्रीला सैपाकात तेल कमी घालण्याचा सल्ला मात्र वेळेवर मिळत गेला.