वैधव्याची वजाबाकी

शंकर नगरातील आमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी परवा मला एक हिशेब विचारला. अर्थशास्त्राची पदवी आणि इतक्या वर्षांची सरकारी नोकरी पाठीशी असूनही मी निरुत्तर झालो. बाई विधवा आहेत. शेजारणीचा नवरा कमावता आहे. महतारी वंदन योजनेतून शेजारणीला दरमहा 1000 रुपये मिळतात. बाईंना विधवा पेन्शनचे 500 आणि 'वंदन'चे 500, म्हणजे तेवढेच. "मग साहेब, नवरा गेल्याचे पैसे कुठे गेले?"

उत्तर नियमातच आहे. मार्च 2024 मध्ये छत्तीसगडात ही योजना सुरू करताना, सामाजिक सुरक्षा पेन्शन घेणाऱ्या स्त्रीला 1000 ला जेवढे कमी पडतील तेवढेच द्यायचे, असे ठरले. म्हणजे वैधव्याची भरपाई शून्य! उद्या पेन्शन 700 झाली, तर 'वंदन'चे 300 उरतील. वाढ जाहीर होईल, बाईंच्या हाती मात्र पैसाही अधिक पडणार नाही. महाराष्ट्रातही तोच प्रकार: अन्य शासकीय योजनेतून 1500 रुपये घेणारी स्त्री 'लाडकी बहीण'ला अपात्र, त्यामुळे संजय गांधी निराधार योजनेचे 1500 घेणारी विधवा आपोआप बाहेर.

'दुहेरी लाभ नको' हा आम्हा अधिकाऱ्यांचा आवडता युक्तिवाद. परंतु एक रक्कम स्त्रीच्या हाती स्वतःचा पैसा असावा म्हणून आहे, दुसरी घरातील मिळकत बुडाली म्हणून. हेतू दोन असतील, तर लाभ दुहेरी कसा?

माझ्या पश्चात माझ्या पत्नीस कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. सातव्या वेतन आयोगानुसार ते किमान 9000 रुपये, शिवाय महागाईनुसार वाढणारे. तिचे वय कोणी विचारणार नाही. केंद्राच्या विधवा निवृत्तिवेतनात मात्र वयाची 40 वर्षे पूर्ण असावी लागतात आणि रक्कम 2012 पासून 300 वरच थांबली आहे. कमावता माणूस गेल्यावर एकदाच मिळणारे राष्ट्रीय कुटुंब लाभाचे 20000 रुपयेही त्याच वर्षीचे.

वाचकहो, मागणी दोनच आहेत. विधवा पेन्शन अन्य लाभातून वजा करू नये, आणि आमच्या भत्त्यांप्रमाणे तिलाही महागाई लागू व्हावी. खर्च वाढेल, हे खरे. पण आज तो खर्च विधवाच सोसते आहे.