मुक्ताईच्या भूमीत मुक्ताईचे चरित्र

तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव, तापीकाठी मेहूण आणि जवळच कोथळी. रावेर परिसरातील माणसाला संत मुक्ताईंची ओळख करून द्यावी लागत नाही. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले. आषाढीला येथून पालखी पंढरपूरला जाते. मात्र घरोघरी भक्तिभावाने वाचले जाणारे हे चरित्र आपण किती समजून घेतो?

ज्ञानदेवांच्या पाठीवर भाजलेले मांडे आणि शके १२१९ मध्ये (इ. स. १२९७) कडाडलेली वीज, या दोन प्रसंगांपाशी आपले वाचन बहुधा रेंगाळते. त्यांच्या मधले अवघ्या अठरा वर्षांचे आयुष्य मात्र निसटते. संन्याशाची मुले म्हणून समाजाने वाळीत टाकलेल्या, आईवडिलांवाचून पोरक्या झालेल्या चार भावंडांत ही सर्वांत धाकटी. लोकांच्या बोलांनी व्यथित होऊन ज्ञानदेवांनी ताटी लावून घेतली, तेव्हा त्यांना समजावणारी हीच. गोरोबांकरवी संतमंडळींची परीक्षा व्हावी, हा आग्रह तिचाच. त्या परीक्षेत नामदेवांसारखा भक्तश्रेष्ठ कच्चा ठरला आणि पुढे विसोबा खेचरांकडे गेला. चौदाशे वर्षांचे योगी म्हणून ख्यात असलेल्या चांगदेवांनी तर या बालिकेला गुरू मानले. वय, लिंग वा प्रतिष्ठा न पाहता अधिकार ओळखणारी ही आपली परंपरा आहे. तिचा अभिमान आपण योग्यच बाळगतो.

परंतु अभिमानाबरोबर उत्तरदायित्वही येते. २०११ च्या जनगणनेत याच जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या साडेआठशेच्याही खाली होती. गर्भलिंगनिदानास बंदी घालणारा कायदा १९९४ सालीच झाला होता. मुक्ताईच्या पालखीपुढे लोटांगण घालणाऱ्या भूमीत मुलीला जन्मच नाकारला जात असेल, तर दोष परकीयांच्या माथी मारता येणार नाही. ज्यांनी त्या चार भावंडांना वाळीत टाकले, तेही स्वतःस धर्मनिष्ठच म्हणवीत होते.

म्हणून हे चरित्र वाचण्यास आरंभ घरातूनच व्हावा. पारायणाच्या वेळी पोथी मुलीच्या हाती द्यावी. तिला शंका विचारू द्यावी आणि वडीलधाऱ्यांनी ती मनापासून ऐकावी. कार्यकर्त्यांनी संपर्कासाठी घरोघरी जाताना, जेथे कन्या जन्मली तेथे आवर्जून आनंद व्यक्त करण्यास जावे. धाकट्या बहिणीचे बोल ऐकून ज्ञानदेवांनी ताटी उघडली होती. आपल्या घरांची दारे तिच्यासाठी उघडी ठेवणे, हे आता आपले कर्तव्य आहे.