पटावरचा दगा आणि पटाबाहेरचा पळ

गेल्या दिवाळीच्या सुटींत एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही चारपांच अध्यापक जमलों होतों. बोलणें निघालें तें तरुण मुलांच्या खेळांवरून. यजमानांचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या शेवटल्या वर्षास आहेत. ते रोज रात्रीं संगणकासमोर बसून सातासमुद्रांपलीकडील सहा अनोळखी माणसांशीं पत्रव्यवहार करतात, त्यांना वचनें देतात आणि योग्य वेळ येतांच तीं मोडतात, अशी तक्रार त्यांच्या मातोश्रींनीं केली. आमच्यांतील एका विद्वान् सहकाऱ्यांनीं तत्काळ निकाल दिला: "हा खेळ नव्हे; ही खोटें बोलण्याची शाळा आहे." त्यावर वयानें तरुण असे दुसरे एक प्राध्यापक हंसून म्हणाले, "अहो, खेळ तो खेळ! त्यांत नीति कसली शोधतां?" त्या दिवशीं मी गप्प बसलों, कारण हाच खेळ मी स्वतः दोन वर्षें खेळत आहें हें सांगण्याचा धीर मला झाला नाहीं. आज तो धीर करून मी असें प्रतिपादन करणार आहें कीं, हे दोन्ही निकाल चुकीचे आहेत, आणि दोहोंपैकीं दुसरा अधिक घातक आहे.

ज्या वाचकांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडी माहिती देणें अवश्य आहे. खेळाचें नांव 'डिप्लोमसी'. ॲलन कॅलहॅमर या अमेरिकन गृहस्थानें १९५४ त त्याची रचना केली, आणि मोठ्या कंपन्या तो काढावयास तयार होईनात म्हणून १९५९ त स्वतःच त्याच्या ५०० प्रती काढल्या. हार्वर्ड येथें शिकत असतां पहिल्या महायुद्धाच्या कारणांसंबंधीं सिडनी फे यांचा ग्रंथ त्याच्या वाचनांत आला होता. खेळाचें बीज तेथें आहे. हा कल्पक मनुष्य पुढें टपाल वांटण्याची नोकरी करीत राहिला व २०१३ त वारला. पटावर १९०१ सालचा युरोप आंखलेला असतो. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया व तुर्कस्थान या सात सत्ता सात खेळाडूंकडे. रशियाच्या चार व इतरांच्या तीन तीन, मिळून २२ सोंगट्या. कांहीं सेना, कांहीं आरमारें. एकंदर ठाणीं ३४. त्यांतील १८ ज्याच्या हातीं आलीं तो विजयी. फांसे नाहींत, पत्ते नाहींत. दैवावर बोल ठेवण्यास जागाच ठेवलेली नाहीं. प्रत्येक चालीपूर्वीं खेळाडू एकमेकांशीं खासगी बोलतात, मग प्रत्येकजण आपले हुकूम गुप्तपणें लिहितो आणि सर्वांचे हुकूम एकदम उघडले जातात. दिलेलें वचन पाळलेंच पाहिजे असा नियम मात्र कोठेंही नाहीं. सात माणसें एका टेबलाभोंवतीं दिवसभर जमविणें कठिण, म्हणून १९६३ त न्यूयॉर्कच्या जॉन बोर्डमन यांनीं हा खेळ टपालानें खेळण्याची प्रथा सुरू केली. आज तोच खेळ आंतरजालावरून चालतो. एकेका चालीस एकदोन दिवसांची मुदत असते, आणि डाव कित्येकदां महिनेच्या महिने रेंगाळतो.

आतां आमच्या विद्वान् सहकाऱ्यांचा आक्षेप घेऊं. वचन मोडण्याची मुभा देणारा खेळ मुलांस असत्य शिकवितो, असें ते म्हणतात. मग कुस्तींत उजवीकडे झुकल्याचें भासवून डावीकडून पट काढणारा मल्ल प्रतिस्पर्ध्यास फसवीत नाहीं काय? रंगभूमीवर खलपुरुषाचें काम करणारा नट घरीं जाऊन बायकोचे दागिने विकतो काय? ज्या फसवणुकीस सातही जणांनीं आधींच संमति दिली आहे, आणि जिची शक्यता गृहीत धरूनच प्रत्येकजण बसला आहे, तिला असत्याचा दोष लावणें म्हणजे तलवारीच्या खेळास खुनाचें कलम लावण्यासारखें आहे.

पण एवढ्यावर मी थांबत नाहीं. हा खेळ खोटेपणा शिकवितो हें विधान वस्तुस्थितीसही सोडून आहे. पटावरील प्रत्येक सोंगटीचें बळ सारखेंच, म्हणजे एक. एका सोंगटीनें दुसरीवर चाल केली तर दुसरी ढळत नाहीं. तिसरीनें पाठ दिली तरच ती हटते. ज्याच्याजवळ आरंभीं तीनच सोंगट्या आहेत त्याला शेजाऱ्याच्या पाठबळावांचून फार पुढें जातां येत नाहीं, आणि पहिल्याच वर्षीं सर्वांशीं खोटें बोलणाऱ्यास दुसऱ्या वर्षीं कोणी पाठ देत नाहीं. नवशिके खेळाडू या खेळांत बहुधा याच कारणानें बुडतात. त्यांना वाटतें कीं, येथें लबाडी करावयाची असते, म्हणून ते लबाडीनेंच सुरुवात करतात. अनुभवी खेळाडू दहा वेळां शब्द पाळतो, तेव्हां अकराव्या वेळीं मोडलेल्या शब्दाला कांहीं किंमत येते. नऊ वाजतां दिलेल्या शब्दाची किंमत दहा वाजतां काय राहते, हें तरुणांस इतक्या थोड्या खर्चांत शिकविणारी दुसरी शाळा मला ठाऊक नाहीं. आमच्या सहकाऱ्यांनीं या शाळेची पाटी तेवढी वाचली. आंत पाऊल टाकण्याची तसदी घेतली नाहीं.

आतां दुसरा पक्ष. "खेळ तो खेळ, त्यांत नीति कसली?" हें वाक्य ऐकावयास उदार वाटतें, आणि म्हणूनच तें अधिक भयंकर आहे. पटावर वचन मोडण्याची मुभा आहे. पण ती मुभा ज्या कराराच्या पोटीं जन्मली तो करार पटाबाहेरचा आहे. सात माणसें डावास बसतात तेव्हां तीं एकमेकांस एक न बोललेलें वचन देतात: मी शेवटपर्यंत बसेन, आणि या डावांत या डावाचाच खेळाडू म्हणून खेळेन. हें वचन मोडण्याची मुभा कोणींही कोणाला दिलेली नाहीं. दोन मित्रांनीं आधीं संगनमत करून अनोळखी पांचांत शिरणें, मागच्या डावाचा सूड या डावांत उगविणें, एकाच माणसानें दोन नांवें घेऊन दोन सत्ता चालविणें, हीं सर्व त्या वचनाच्या भंगाचींच रूपें होत. परंतु त्यांतही सर्वांत सामान्य, सर्वांत क्षम्य मानलें जाणारें आणि माझ्या मतें सर्वांत नीच रूप एकच; डाव हरूं लागला कीं हुकूम पाठविणें बंद करून गुपचूप निघून जाणें. गेलेल्या खेळाडूच्या सोंगट्या जागच्या जागीं उभ्या राहतात. त्यांना ना धनी ना आज्ञा. शेजारचा त्या ओरबाडतो, आणि ज्यानें त्यांच्या भरंवशावर बेत केला तो उघडा पडतो.

हें मी इतक्या आवेशानें लिहीत आहें याचें कारण वाचकांपासून लपवून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. हें कृत्य मीं स्वतः केलें आहे.

दोन वर्षांपूर्वीं माझ्या पहिल्याच डावांत माझ्याकडे ऑस्ट्रिया आली. ऑस्ट्रियाचें ट्रिएस्ट व इटलीचें व्हेनिस हीं ठाणीं एकमेकांस लागूनच आहेत. म्हणून त्या दोघांत सलोखा नसेल तर दोघांचेंही कठिण. इटलीनें मला सलोख्याचें वचन दिलें. त्याचें लिहिणें इतकें मनमोकळें होतें कीं, मीं ट्रिएस्ट मोकळें ठेवलें. १९०२ च्या वसंतांत तो ट्रिएस्टमध्यें शिरला, आणि पुढल्या वर्षीं व्हिएन्नाही गेलें. माझ्याजवळ बुडापेस्ट व सर्बिया एवढेंच उरलें. मला राग आला. तीस वर्षें तरुणांस शेक्सपिअर शिकविणाऱ्या मला एका अनोळखी पोरानें बनविलें, या विचारानें मी दोन रात्री नीट झोंपलों नाहीं, हेंही कबूल करतों. तिसऱ्या दिवशीं मीं मनाशीं ठरविलें कीं, असल्या फसव्या खेळांत सभ्य माणसानें राहूं नये. मीं हुकूम पाठविले नाहींत. माझ्या त्या नीतिमत्तेचा मला त्या रात्रीं मोठा अभिमान वाटला!

परंतु तुर्कस्थानचा खेळाडू माझा मित्र होता. त्यानें मला दिलेला एकही शब्द मोडला नव्हता. रुमानियांत रशियाची एक सेना होती आणि तिला मागून एकीचा आधार होता. म्हणजे बळ दोन. तुर्काचा बेत असा कीं, बल्गेरियांतून त्यानें चाल करावी, काळ्या समुद्रांतील त्याच्या आरमारानें पाठ द्यावी, आणि सर्बियांतील माझ्या सेनेनेंही पाठ द्यावी; म्हणजे बळ तीन. मीं आठवड्यापूर्वींच होकार दिला होता. हुकूम उघडले तेव्हां त्याचें बळ दोनच भरलें. त्या चालींत सर्बियावर कोणी चढूनही आलें नव्हतें. माझी सेना तेथें शाबूत उभी होती, केवळ मुकी. तुर्काची चाल फसली आणि रशियास त्याचा सारा बेत कळून चुकला.

चार दिवसांनीं त्याचें इंग्रजींत एक छोटें पत्र आलें. त्यांत शिवी नव्हती. त्याचा आशय असा: इटलीनें तुम्हांस फसविलें, हें मला ठाऊक आहे. तुम्हीं मला फसविलें असतें तर मला वाईट वाटलें नसतें. त्यासाठींच आपण बसलों आहों. पण तुम्हीं मला फसविलें नाहीं. तुम्ही नुसते उठून गेलांत.

तें पत्र मीं कितीदां वाचलें याचा हिशेब नाहीं. उत्तर लिहावयास बसलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, माझ्याजवळ उत्तर नाहीं. इटलीनें पटावरचें वचन मोडलें, पण पटाबाहेरचें पाळलें. मीं पटावर एकही वचन मोडलें नव्हतें, आणि पटाबाहेरचें एकुलतें एक वचन पायांखालीं तुडविलें. त्या डावांत विश्वासघातकी कोण, हें सांगावयास न्यायाधीश नको. पुढें कळलें कीं, तुर्कस्थान पटावरून पुसलें गेलें. पण शेवटची सोंगटी जाईपर्यंत त्या गृहस्थानें एकही हुकूम चुकविला नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, हुकूम वेळेवर पाठविण्यांत एवढें कसलें शील? तें यंत्रही करील. आणि खरोखरच यंत्र तें करतें. नोव्हेंबर २०२२ त मेटा कंपनीच्या संशोधकांनीं 'सिसरो' नामक आपल्या यंत्रबुद्धीचा वृत्तान्त 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. ती आंतरजालावर माणसांशीं ४० डाव खेळली, त्यांच्याशीं इंग्रजींत वाटाघाटी केल्या, आणि एकाहून अधिक डाव खेळलेल्यांत वरच्या दहा टक्क्यांत तिची गणना झाली. ती बहुधा प्रामाणिक राहावी अशी खटपट तिच्या कर्त्यांनीं केली होती. ती तशी राहिली नाहीं असा आक्षेप पुढें इतर अभ्यासकांनीं घेतला. तो वाद आपण बाजूस ठेवूं. मला दिसतो तो भेद वेगळाच आहे. यंत्रास अपमान नाहीं, लाज नाहीं, आणि पट सोडून जाण्यास दुसरें घर नाहीं. म्हणून त्याचें शेवटपर्यंत बसणें हा गुण नव्हे. माणसास राग येतो, झोंप लागत नाहीं, दार उघडें असतें, आणि तरीही तो बसून आपल्या उरल्यासुरल्या दोन सोंगट्यांचे हुकूम लिहितो. त्या बसण्यालाच शील म्हणतात.

आणि हा प्रश्न पटापुरता आहे असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं आपल्या भोंवतालच्या संस्थांकडे पाहावें. आमचीं वाचनालयें, शिक्षणमंडळें, नाट्यसंस्था दगाबाजांनीं बुडविल्या अशी ओरड आपण करतों. मीं अनेक संस्थांच्या समित्यांवर काम केलें आहे, आणि माझा अनुभव याच्या उलट आहे. दगाबाज निदान सभेस हजर असतो. त्याच्याशीं भांडतां येतें, त्याला मतांनीं पाडतां येतें. संस्था मरते ती एका मतदानांत हरल्यावर पुन्हां सभेस न येणाऱ्या, राजीनामाही न देणाऱ्या, आणि घरीं बसून आपल्या तत्त्वनिष्ठेचें कौतुक करणाऱ्या सभ्य गृहस्थांमुळें. त्यांची खुर्ची भरलेली दिसते, पण तिला ना धनी ना आज्ञा.

म्हणून त्या मातोश्रींस माझें सांगणें असें कीं, चिरंजीवांस खुशाल खेळूं द्या. कोणास फसविलें, असें त्यांना विचारूं नका. जिंकलास काय, असेंही विचारूं नका. सात जणांच्या डावांत जिंकणारा क्वचितच एक असतो. हरूं लागलास तेव्हां हुकूम पाठवीत होतास काय, एवढेंच विचारा. त्याचें उत्तर 'होय' असेल, तर त्या मुलाच्या शब्दावर पुढें कोणी मुलगी द्यावी, कोणी पैसा द्यावा, कोणी संस्था सोंपवावी. आणि 'खेळ तो खेळ' म्हणणाऱ्या माझ्या तरुण मित्रांस एवढेंच विचारतों: खेळांत जो उठून जातो, तो इतरत्र बसेल हें आपण कशावरून म्हणतां?

मी सध्यां दुसरा डाव खेळत आहें. पुन्हां ऑस्ट्रियाच आली आहे, आणि डाव वाईट चालला आहे. आज रात्रीं नऊ वाजतां मुदत संपते. हुकूम लिहून ठेवले आहेत.