धनैषणा आणि अर्थसल्लागार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात तीन एषणा सांगितल्या. त्यांत प्राणैषणेनंतर लगेच धनैषणा येते, परलोकैषणा त्यानंतर. साधनांवाचून लाभलेल्या दीर्घायुष्याइतके वाईट दुसरे काही नाही, असे त्यांचे निःसंदिग्ध मत आहे. हा अध्याय आपल्या सभा-संमेलनांतून वारंवार उद्धृत होतो. मात्र धनैषणेपाशी येताच वक्ते संकोचाने पुढे सरकतात. हा संकोच आम्हांस अनाठायी वाटतो.

खासगी व्यवसाय करणाऱ्या वैद्यास निवृत्तिवेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, पगारी रजाही नाही. वसंतात वमनासाठी आणि वर्षा ऋतूत बस्तीसाठी रुग्ण येतात. मधले काही महिने ओसरी रिकामी असते. वैद्य पंधरा दिवस आजारी पडला तर चिकित्सालय बंद, आणि जागेचे भाडे व परिचारकाचा पगार मात्र चालूच. अशा अनियमित उत्पन्नाचे नियोजन नोकरदाराच्या ठोकताळ्याने होत नाही.

प्रत्यक्षात दिसते ते असे : मार्चअखेरीस घाईने घेतलेली विमा पॉलिसी, अर्धा टक्का व्याज अधिक म्हणून ओळखीच्या पतसंस्थेत ठेवलेली ठेव, आणि गावाबाहेर कधीकाळी घेतलेला भूखंड. बँकेतील ठेवींवरील विम्याची मर्यादा २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख रुपयांवर नेण्यात आली; पतसंस्थेतील ठेवीस मात्र हे संरक्षण नाही. हा भेद अनेक सुशिक्षित व्यावसायिकांनाही ठाऊक नसतो. व्यावसायिक दायित्व विमा तर क्वचितच कोणी उतरवितो.

येथे अर्थसल्लागाराचे काम सुरू होते. परंतु सल्लागार कोणास म्हणावे? विमा प्रतिनिधी अथवा म्युच्युअल फंडाचा वितरक हा सल्लागार नव्हे; त्याचे उत्पन्न विकलेल्या योजनेवरील दलालीतून येते. ‘सेबी’ने २०१३ मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी स्वतंत्र विनियम केले. त्यानुसार नोंदणीकृत सल्लागार आपले शुल्क ग्राहकाकडूनच घेतो आणि ज्यास सल्ला देतो त्यासच योजना विकून दलाली घेऊ शकत नाही. औषधनिर्मात्याकडून मिळणाऱ्या भेटीवर ज्याची चिकित्सा ठरते, त्या वैद्याविषयी आपण काय बोलतो हे येथे सांगावयास नको!

शुल्काची रक्कम ऐकून काही वैद्यबंधू मागे सरतात. लग्नसमारंभात जेवणाच्या पंगतीतच नाडी पुढे करणाऱ्या नातेवाइकांवर वैतागणारे आपण. दुसऱ्याचे ज्ञान फुकट मिळावे ही अपेक्षा आपणांस शोभत नाही. शिवाय ‘फुकट’ सल्ल्याची किंमत दलालीच्या रूपाने वर्षानुवर्षे वसूल होतच असते, ती दिसत नाही इतकेच.

चांगला सल्लागार योजनेचे नाव सांगण्यापूर्वी प्रश्न विचारतो. कुटुंबात अवलंबून कोण, कर्ज किती, मुलांचे शिक्षण कधी, तोटा सोसण्याची तयारी कितपत, हे तो लिहून घेतो. ही प्रकृतिपरीक्षाच होय. एकाची मात्रा दुसऱ्यास चालत नाही, हे वैद्यास समजावून सांगावे लागत नाही. पंचकर्म विभागासाठी कर्ज काढू पाहणारा तरुण वैद्य आणि साठीकडे झुकलेला त्याचा गुरू यांना एकच योजना सुचविणाऱ्यापासून दूर राहावे. निश्चित परताव्याची हमी देणारा, किंवा गुंतवणुकीची रक्कम स्वतःच्या खात्यात भरावयास सांगणारा भेटल्यास संभाषण तेथेच थांबवावे. नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा; त्यास दोन मिनिटे पुरतात.

आपल्या परिषदांच्या मंडपात विमा व गुंतवणूक योजनांचे गाळे असतात आणि त्यांच्याच प्रायोजकत्वाखाली ‘अर्थनियोजन’ या विषयावर व्याख्यानही होते. ही प्रथा बंद व्हावी, असे आम्ही सुचवितो. संघटनेच्या शाखांनी नोंदणीकृत सल्लागारास योग्य मानधन देऊन बोलवावे, आणि त्या दिवशी मंडपात विक्रीचा एकही गाळा नसावा.