दुसरा डोळा ठेवणीतला नव्हे

दादर स्टेशनात आपली लोकल उभी असते. शेजारची गाडी हलते आणि क्षणभर वाटते, आपलीच सुटली! फलाटावरच्या खांबाकडे नजर गेली की भ्रम फिटतो. मुंबईला येऊन गेलेल्या बहुतेक वाचकांनी हा अनुभव घेतला असेल.

तोल सांभाळणारे इंद्रिय आपल्या कानाच्या आत असते. वेग वाढला, घटला किंवा वळण आले तर ते त्याला कळते. एकसारख्या गतीबाबत मात्र ते गप्प राहते. मग मेंदू डोळ्यांवर विसंबतो. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८७५ सालीच या गतीच्या जाणिवेवर ग्रंथ लिहिला होता.

आता दोन डोळे कशाला? दोहोंत सुमारे ६ सेंटिमीटर अंतर असते, त्यामुळे प्रत्येकाला थोडे वेगळे चित्र दिसते. त्या फरकावरून मेंदू जवळचे-लांबचे ठरवतो. चालताना जवळच्या वस्तू भराभर मागे सरतात, लांबच्या सावकाश. दोन्ही डोळ्यांना अशी खोली दिसली की स्वतःच्या गतीची जाणीव लवकर होते व अधिक टिकते, असे प्रयोगांत आढळले आहे.

लालबागच्या माझ्या दवाखान्यात मोतीबिंदूचे एक ऑपरेशन झालेले आजोबा हमखास म्हणतात, "डॉक्टर, पेपर वाचता येतो. दुसऱ्याची कशाला घाई?" त्यांतलेच काही पुढे चाळीच्या जिन्यावर शेवटची पायरी चुकतात, तर काहींना लोकलमधून उतरताना फलाट किती खाली आहे याचा अंदाज येत नाही. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो. लहानपणापासून एकाच डोळ्याने पाहणाऱ्याला सवय झालेली असते; साठीनंतर ती सहज लागत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की पेपर वाचता येणे ही दृष्टीची अर्धीच परीक्षा झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दुसरे ऑपरेशन सांगितले असेल तर ते लांबवू नये. परळच्या के.ई.एम.मध्ये जशी ही शस्त्रक्रिया होते, तशी आपल्या जिल्हा रुग्णालयातही होते. तोवर जिन्यात चांगला दिवा लावावा, पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रंगाने रंगवाव्यात आणि कठड्याला धरूनच उतरावे.

मुलांचेही तेच. एक डोळा आळशी असला तरी मूल तक्रार करीत नाही. शाळेत घालण्यापूर्वी दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर गुण चांगला येतो.