विश्लेषण : मोहने-आंबिवलीत सायकल मार्गासाठी नुसता पांढरा पट्टा का पुरणार नाही?

उल्हास नदीकाठच्या मोहनेकरांना जवळचे रेल्वे स्थानक आंबिवली. एवढ्या अंतराला सायकल पुरते. अडचण आहे ती सुरक्षित रस्त्याची.

संधी कुठे आहे?
हेदुटणे ते टिटवाळा असा सुमारे ३० किमीचा कल्याण रिंग रोड एमएमआरडीए टप्प्याटप्प्याने उभारत आहे. त्यातील दुर्गाडी-टिटवाळा भाग आंबिवली परिसरातून जातो. मात्र रुंद, मोकळ्या रस्त्यावर वाहनांचा वेग वाढतो आणि सायकलस्वाराचा धोकाही.

बीकेसीत काय झाले?
एमएमआरडीएनेच २०११ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात सुमारे १३ किमीचा सायकल ट्रॅक केला. त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या, सायकली कमीच दिसल्या. अखेर २०२५ मध्ये ट्रॅक काढून ती जागा वाहनांना देण्याचे ठरले.

मग काय लागते?
इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार एकेरी ट्रॅक किमान २ मीटर रुंद हवा. वाहनांपासून वेगळे करणारा कठडा, चौकातही न तुटणारा मार्ग आणि स्थानकाबाहेर सायकल स्टँड, यातले एक जरी राहिले तरी ट्रॅकचे पार्किंग होते.

फायदा कोणाला?
रविवारी फेरी मारणाऱ्यांपेक्षा पहाटेची लोकल गाठणाऱ्या कामगाराला जास्त; त्याचे रोजचे रिक्षाभाडे वाचते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही पादचारी आणि सायकलस्वारांसाठी रस्त्यात वेगळी जागा राखण्यावर भर दिला आहे. ही जागा आराखड्यातच ठेवावी लागते. रस्त्याकडेला दुकाने आणि पार्किंग बसल्यावर ती मिळवणे अवघड.